तीन परिच्छेदांची चिठ्ठी

१

बाई गेल्या हे कळल्यावर इन्स्पेक्टरला पहिल्यांदा जे वाटलं, ते तिने पुढे कधीच कोणाला सांगितलं नाही. तिला बरं वाटलं.

तिने हे मनातल्या मनात कबूल केलं, टोपी नीट केली आणि बाईंच्या अभ्यासिकेत पाऊल टाकलं. बाई टेबलाशीच होत्या, खुर्चीत, मान एका खांद्यावर कललेली. जणू वर्गात कोणीतरी वाचून दाखवतंय आणि त्या ऐकता ऐकता कंटाळल्या आहेत. समोर चहाचा रिकामा कप होता. शेजारी लाल शाईचं पेन, निळ्या शाईचं पेन आणि त्यांच्यामध्ये एक कागद.

याच बाईंनी तिला पाचवीत नाव ठेवलं होतं, मुंगी. का, तर तिचा प्रत्येक परिच्छेद एका वाक्याचा असायचा. "बघा, मुंग्या चालल्यात रांगेनं," असं म्हणून बाईंनी तिची वही वर्गभर फिरवली होती. पोरं हसली, आणि नाव चिकटलं ते शाळा सुटेपर्यंत. बाईंचा खाक्याच तसा होता. वाईट लिहिलेला कागद त्या फळ्याशेजारी टाचणीने लावायच्या आणि आठवडाभर काढू द्यायच्या नाहीत. पण हेही खरं, की गावात ज्याला चार ओळी धड लिहिता यायच्या, तो बाईंच्याच हाताखालून गेलेला असायचा. परिच्छेद कसा लिहावा यावरच्या त्यांच्या पुस्तकाच्या चौदा आवृत्त्या निघाल्या होत्या.

"सरळ आहे मॅडम," हवालदार म्हणाला. "झोपेच्या गोळ्यांची बाटली रिकामी. चहात विरघळवल्यात. चिठ्ठीसुद्धा आहे. पंचनामा उरकला की आपण मोकळे."

इन्स्पेक्टरने चिठ्ठी उचलली. ताठ, सुटं, मोत्यासारखं अक्षर. आंधळी झाली असती तरी तिने ते ओळखलं असतं.

*मी माझ्या मर्जीने जात आहे. याबद्दल कोणालाही जबाबदार धरू नये. कोणी काही बोलले म्हणून नव्हे किंवा आजाराला कंटाळून नव्हे, तर पुढे करण्यासारखे काही उरले नाही म्हणून हा निर्णय घेतला आहे.*

*या घराने मला आसरा दिला. त्याच्या बदल्यात मी माझे हात दिले. मिळाले त्याहून जास्त मागितले नाही, आणि जे मागायला हवे होते ते मागण्याचे धैर्य झाले नाही.*

*जे माझे होते ते माझ्या आधी गेले. त्याच्याकडे जायला मला उशीर झाला आहे. आता आणखी करणार नाही.*

खाली सही नव्हती. खाडाखोड नव्हती. तीन परिच्छेद, प्रत्येकाला एकच मुद्दा आणि तो पहिल्या वाक्यात.

दारात बाईंची धाकटी बहीण उभी होती. तिला सगळे धाकटीच म्हणायचे. पन्नाशी उलटली तरी तिला दुसरं नाव मिळालं नव्हतं. नवरा गेल्यावर दोन वर्षांची मुलगी कडेवर घेऊन ती या घरात आली होती, आणि तेव्हापासून घरातला केर, चूल, धुणं तिच्याकडे होतं.

"अक्षर कोणाचं?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"ताईचंच आहे," धाकटी म्हणाली.

"तुम्हाला काही कळलं नाही दुपारी?"

"दुपारी चहा झाला की पाचला लेखनिक येईपर्यंत हे दार कोणी उघडायचं नाही. ताईचा नियम आहे." ती थांबली. "होता."

इन्स्पेक्टरने चिठ्ठी पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचली. मग हवालदाराला म्हणाली, "पंचनाम्यात आत्महत्या लिहू नका अजून."

"पण मॅडम, चिठ्ठी बाईंनीच लिहिली आहे."

"लिहिली बाईंनीच आहे. पण ही बाईंची चिठ्ठी नाही."

२

आपण असं का म्हणालो, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. चपलेत खडा असावा तसं काहीतरी टोचत होतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशक स्वतःहून चौकीवर आला. गोल चेहरा, हातात रुमाल, डोळे कोरडे. पंधराव्या आवृत्तीचं हस्तलिखित बाईंच्या कपाटात होतं आणि ते त्याला आजच हवं होतं.

"मयताची राख तरी गार होऊ द्या," हवालदार पुटपुटला.

"शेवटचं कधी भेटलात?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"परवा. भांडलो, ते लपवत नाही. त्यांना पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाकडे न्यायचं होतं. का, तर माझ्या जाहिरातीत एक परिच्छेद अकरा ओळींचा होता. मला म्हणाल्या, तुम्हाला श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही, तुम्ही पुस्तकं काय छापणार."

"आणि काल दुपारी?"

"छापखान्यात होतो. दहा माणसं सांगतील."

तिने चिठ्ठीची नक्कल त्याच्यापुढे ठेवली. दुसऱ्या परिच्छेदावर येताच त्याने रुमाल डोळ्यांना लावला. या वेळी डोळे खरंच ओले होते.

"या घराने मला आसरा दिला," त्याने वाचलं. "हे घर म्हणजे आमचं प्रकाशनगृह. शेवटी आठवण ठेवली म्हणायची."

इन्स्पेक्टर त्याच्याकडे बघत राहिली. स्वतःवर इतकं प्रेम असलेला माणूस दुसऱ्याचा जीव घेण्याइतका वेळ काढणार नाही, असं तिला वाटलं. पण त्याने नकळत एक काम केलं होतं. नेमकं कुठल्या शब्दावर टोचतंय, ते तिला आता कळलं होतं.

ते घर बाईंनी स्वतः बांधलं होतं. स्वतःच्या घरात आसरा कोण घेतं?

३

लेखनिक हा बारीक, वाकलेला, साठीकडे झुकलेला माणूस. एकोणीस वर्षं रोज पाचच्या ठोक्याला तो बाईंकडे जायचा आणि त्या सांगतील ते उतरवून घ्यायचा. प्रेत पहिल्यांदा त्यानेच पाहिलं होतं.

"पुस्तकावर तुमचं नाव नाही," इन्स्पेक्टर म्हणाली.

"नाही."

"आभारांतसुद्धा नाही?"

"लेखनिकाचे आभार मानले तर उद्या टाचणीचे मानावे लागतील, असं म्हणाल्या होत्या."

हे तो हसत म्हणाला. पण हसू ओठांच्या वर गेलं नाही. तिने त्याच्यापुढे चिठ्ठी सरकवली. त्याने चष्मा चढवला, वाचली, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. दुःखाने नव्हे. हिशेब चुकलेल्या माणसासारखा तो कागदाकडे बघत होता.

"काय झालं?"

"काही नाही."

"एकोणीस वर्षं गप्प बसलात. आता आणखी कोणासाठी बसताय?"

त्याने पिशवी मांडीवर ओढली. बाहेर कोणाची तरी सायकल पडली, कोणीतरी ती उचलली.

"मॅडम, त्या पुस्तकातला एकही परिच्छेद बाईंनी पाडलेला नाही," तो म्हणाला.

"मग कोणी पाडले?"

"मी." त्याने पिशवीतून एक वही काढली. "या त्यांच्या हातच्या नोंदी. बघा तुम्हीच."

अक्षर तेच, मोत्यासारखं. पण पान उलटलं, दुसरं उलटलं, दहावं उलटलं, तरी कुठे मोकळी जागा नाही. बायकोला माहेराहून आणायला निघालेला माणूस वाटेत कुठे थांबत नाही तसं एक वाक्य दुसऱ्याच्या मागे धावत होतं. स्वयंपाकातल्या मिठापासून व्याकरणाच्या नियमापर्यंत सगळं एकाच दमात.

"दुसऱ्याच्या लिखाणात सांधा कुठे आहे, ते त्यांना डोळे मिटून दिसायचं," लेखनिक म्हणाला. "स्वतःच्या लिखाणात कधीच दिसला नाही. वैद्याला आपली नाडी कळत नाही म्हणतात, तसं. हे बाहेर फुटलं असतं तर चौदाच्या चौदा आवृत्त्या रद्दीत गेल्या असत्या. म्हणून त्या मला सोडत नव्हत्या, आणि नावही देत नव्हत्या."

इन्स्पेक्टरने वही मिटली. "म्हणजे बाई स्वतःची शेवटची चिठ्ठी लिहायला बसल्या असत्या तर असे तीन परिच्छेद पडलेच नसते."

"शक्यच नाही."

"आणि त्या घरात येणाऱ्यांपैकी परिच्छेद पाडता येणारा माणूस एकच."

आता कुठे लेखनिकाच्या लक्षात आलं, की आपण कोणाच्या गळ्यात दोरी अडकवली. त्याने चष्मा काढला. तो खिशात घालायला गेला, पण खिसा सापडेना.

"माझी मुलगी दहावीला आहे, मॅडम," तो म्हणाला.

"बसा," ती म्हणाली. "अजून एकच सांगा. गेल्या महिन्याभरात त्या घरात काय काय झालं? बाईंचं नको. बाकीचं सांगा."

"बाकीचं म्हणजे धाकटीचंच." त्याने घाम पुसला. "तिची मुलगी गेली दीड महिन्यापूर्वी. परगावी नोकरीला होती, वसतिगृहात राहायची. तापाने गेली. बाईंनी एका दिवसाचंही काम थांबवलं नाही. आणि मागच्या आठवड्यात मुलीची मैत्रीण येऊन तिची पिशवी देऊन गेली. मी दारातच होतो. धाकटीने ती पिशवी अशी धरली होती, जसं तान्हं मूल धरतात."

४

लेखनिकाला तिने घरी जाऊ दिलं, पण गावाबाहेर नाही. मग ती चिठ्ठी घेऊन खिडकीशी गेली आणि कागद उजेडात धरला.

डाव्या बाजूला, पानाच्या साधारण एक तृतीयांशावर, उभी घडी होती. कागद तिथे दुमडून पुन्हा सरळ केलेला.

अशी घडी तिच्या ओळखीची होती. बाई कोणाचं लेखन दुरुस्त करायच्या तेव्हा आधी लाल शाईने ते चिरायच्या. मग कोरा कागद असाच दुमडून मूळ लेखनाला चिकटून ठेवायच्या, ओळीशी ओळ जुळवायला, आणि निळ्या शाईने ते सगळं नव्याने लिहून काढायच्या. मजकूर लिहिणाऱ्याचा, बांधणी बाईंची. त्याला त्या नमुना म्हणायच्या. पाचवी ते आठवी या चार वर्षांत मुंगीला असे एकवीस नमुने मिळाले होते. प्रत्येकाच्या वेळी बाई म्हणायच्या, "आता बघ, हेच तुला म्हणायचं होतं." आणि खरंच तेच म्हणायचं असायचं, हा त्यातला सगळ्यात मोठा अपमान होता.

म्हणजे ही चिठ्ठी नमुना होती. कोणीतरी मूळ मजकूर लिहिला होता, सलग, वेडावाकडा, एका दमात. बाईंनी तो बांधून दिला.

लेखनिक सुटला. त्याच्या कागदाला बाईंनी नमुना कशाला दिला असता. तो त्यांच्याहून चांगला बांधायचा. प्रकाशक तर काल दुपारी छापखान्यात होता, म्हणून तोही सुटला. आणि समजा, या दोघांपैकी कोणी कपटाने बाईंच्या हातून असं काही लिहून घ्यायचं ठरवलं असतं, तर त्याने ते बाईंना शोभेल असं रचलं असतं. त्यात शाळा आली असती, पुस्तक आलं असतं, विद्यार्थी आले असते. इथे त्यातलं काहीच नव्हतं. होता तो आसरा, आणि हात. बाईंनी आयुष्यात स्वतःचा कप कधी विसळला नव्हता.

म्हणजे मूळ मजकुरात लबाडी नव्हती. ज्याने लिहिला, त्याने खरं लिहिलं होतं. मरायला निघालेल्या माणसाची ती खरी चिठ्ठी होती. फक्त ते माणूस अजून जिवंत होतं.

५

धाकटी मागच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. इन्स्पेक्टर आत आली तशी तिने एक टोक पुढे केलं, जणू मदतीलाच कोणी आलंय. इन्स्पेक्टरने ते धरलं. दोघींनी मिळून एक घडी घातली.

"चिठ्ठी तुमची आहे," इन्स्पेक्टर म्हणाली.

"हो."

इतकं सोपं उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. "काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही अक्षर कोणाचं ते विचारलंत. अक्षर ताईचं आहे."

धाकटीने चादर बाजूला ठेवली, पलंगाखालून मुलीची ती कापडी पिशवी ओढली आणि एक जुडगा काढून दिला. अकरा पत्रं. सगळी मुलीने आईला लिहिलेली, आणि सगळ्यांवर लाल शाई.

"पत्रपेटीची किल्ली ताईकडे. फोन ताईच्या टेबलावर. मला म्हणायची, तुझी पोर तुला विसरली. नोकरी लागली की पोरं अशीच. दोन वर्षं मी तेच खरं धरून चालले." धाकटीचा आवाज एकसारखा होता, चढत नव्हता की उतरत नव्हता. "ती पत्रं ताई तपासायची आणि परत तिलाच पाठवायची. पोरीला वाटायचं, आईच मावशीकडून तपासून परत पाठवते. तरी लिहीत राहिली. बघा ना, सुधारत गेलीय."

खरंच सुधारत गेली होती. पहिल्या पत्रात एकही परिच्छेद नव्हता. सातव्यात चार होते, चांगले. अकराव्यात मात्र पुन्हा सगळं विस्कटलं होतं. अक्षर ओळ सोडून घसरत होतं. जेवणाबद्दल होतं, मैत्रिणीबद्दल होतं, आणि अगदी शेवटी: *ताप उतरत नाही आई तू ये.* त्याखाली लाल रेघ, आणि समासात बाईंचा शेरा: *मुख्य मुद्दा शेवटच्या ओळीत आला आहे. तो पहिल्या वाक्यात हवा. पुन्हा लिहून पाठव.*

पोस्टाच्या शिक्क्याप्रमाणे ते परत गेलं, त्यानंतर नवव्या दिवशी मुलगी गेली होती.

इन्स्पेक्टरने पत्र खाली ठेवलं.

"काल काय झालं?" ती म्हणाली.

"काल मीच जाणार होते. ताईच्या गोळ्या घेतल्या, माझ्या चहात घातल्या. चिठ्ठी लिहून ताईच्या टेबलावर ठेवून आले होते, ती जेवत होती तेव्हा. मग चहा घेऊन निघाले माझ्या खोलीत. वाटेत वाटलं, एकदा बघावं. चिठ्ठी वाचून रडत असेल. निदान पळत येईल. कितीही झालं तरी पाठची बहीण." तिने हातातल्या उशीच्या अभ्र्याची सुरकुती काढली. "दार ढकललं तर ती लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, बस. इतकं एका दमात कोण लिहितं? मी उभी राहिले. तिचं होईपर्यंत उभी राहिले. मग तिनं कागद माझ्यापुढे धरला. म्हणाली, आता बघ, हेच तुला म्हणायचं होतं."

"त्यांना कळलं नव्हतं का, की तुम्ही खरंच..."

"कळलं असेल. नसेल. ते तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, चहा आणलास का?"

धाकटीने अभ्रा उशीला चढवला.

"कप माझ्या हातात होता," धाकटी म्हणाली. "मी हो म्हटलं."

"प्यायल्या?"

"कडू झालाय म्हणाली. पण टाकायची सवय नव्हती तिला."

"आणि तुमची मूळ चिठ्ठी?"

धाकटीने जुडग्याखालून एक चुरगळलेला कागद काढला. बारावा. पेन्सिलने लिहिलेला, लाल रेघांनी चिरलेला. कोपऱ्यात बाईंनी गुण दिले होते. दहापैकी साडेपाच. आणि पुढे एक शब्द: *प्रयत्न.*

६

त्या कागदावाचून इन्स्पेक्टरकडे काहीच नव्हतं. एक घडी आणि एक शब्द यांवर कोणी कोणाला शिक्षा करत नाही. कागद तिच्या हातात होता, खोलीत दोघीच होत्या, आणि हवालदार तर कालपासून आत्महत्या लिहायला टपला होता. धाकटीने काही मागितलं नाही. डोळ्यांनीसुद्धा नाही. ती पुढची चादर उलगडत होती.

इन्स्पेक्टरने कागद सरळ केला, पाकिटात घातला आणि वर तारीख घातली. गणित सुटल्यावर उत्तर न लिहिता उठणं तिला कधीच जमलं नव्हतं. ही सवय तिला कोणी लावली, तेही तिला ठाऊक होतं.

चौकीवर धाकटीने जबाब दिला. पावणेदोन तास ती बोलत होती, आणि इन्स्पेक्टर एक शब्द न गाळता लिहीत होती. मुलीला पहिला दात कधी आला तिथपासून सुरुवात होती. दूधवाला होता, शाळेचा गणवेश होता, पत्रपेटीचा आवाज होता. अकरा पानं झाली, कुठेही न तुटलेली. चहाचा कप दहाव्या पानावर आला.

वरिष्ठ साहेबांनी दोन पानं चाळली आणि फाईल टेबलावर टाकली.

"हे काय आहे? कोर्टात हे कोण वाचणार? परिच्छेद पाडा. काय केलं ते पहिल्या वाक्यात येऊ द्या. दीड पानापेक्षा जास्त नको."

तिने ते चाळीस मिनिटांत केलं, आणि चांगलं केलं. पाच परिच्छेद, प्रत्येकाला एक मुद्दा. सुरुवात होती: मी माझ्या सख्ख्या बहिणीला चहातून झोपेच्या गोळ्या दिल्या.

धाकटीला वाचायला दिलं तेव्हा तिने बोट ठेवून हळूहळू वाचलं. दोनदा वाचलं.

"माझी मुलगी कुठे आहे?" तिने विचारलं.

"चौथ्या परिच्छेदात."

तिने चौथा परिच्छेद काढला. दोन ओळींचा होता. तिने तो ओठ हलवत वाचला, पान उलटून मागे काही आहे का बघितलं, आणि मग सही कुठे करायची ते विचारलं.